प्रवासाचा संकेतार्थ

मराठी व्याकरणाच्या तासाला क्रियापदाचे अर्थ शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे तीच ती उदाहरणे देत आलो आहोत. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ हे विद्यार्थ्यांना चटकन उमगतात. संकेतार्थाशी आले की पावसाचे आणि पिकाचे ते जुने वाक्य फळ्यावर उमटते आणि तास संपतो. मध्यंतरी एका जुन्या विद्यार्थिनीने पाठवलेला एक तक्ता आमच्या हाती आला. तेव्हापासून त्या वाक्याला आता सुटी द्यावी, असे आमच्या मनात घोळते आहे.

ही विद्यार्थिनी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर एका विमान कंपनीत नोकरी करते. तक्ता होता तिच्या आणि तिच्या अमेरिकी मैत्रिणीच्या रोमच्या सहलीचा. डावीकडे वार आणि तारखा, वरच्या ओळीत शहरांची नावे आणि प्रत्येक चौकटीत दोन आकडे: विमानात रिकाम्या खुर्च्या किती आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असलेले कर्मचारी किती. पहिल्या रकान्यात थेट रोमचे विमान. ते न मिळाले तर फ्रँकफर्ट, नाहीतर म्युनिक, तेही नाही तर ब्रसेल्स किंवा अ‍ॅमस्टरडॅम, मग लंडन, डब्लिन आणि अगदी कडेला वॉर्सा. प्रत्येक शहराखाली पुन्हा एक पोटतक्ता: तेथून रोमला जाणारी विमाने, त्यांतल्या रिकाम्या खुर्च्या, आणि तेथेही निराशा झाली तर रेल्वेने गाठता येणारा दुसरा विमानतळ. 'आम्ही जाणार' असे विधान त्या कागदावर कोठेही नव्हते. होते ते सगळे जर-तर.

विमान कंपन्यांच्या नोकरदारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना अत्यल्प दरात, कधी केवळ कर भरून, जगभर हिंडता येते ही गोष्ट आपण ऐकून असतो आणि तिचा थोडा हेवाही करतो. त्या सवलतीचे खरे स्वरूप मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचे तर अंतराच्या टप्प्यांनुसार ठरलेले दर असतात. त्या व्यवसायात त्यांना 'झेड' भाडे म्हणतात. तिकीट हाती येते, खुर्ची येत नाही. पूर्ण भाड्याचे प्रवासी मार्गी लागल्यावर, दारे मिटण्यापूर्वीच्या अखेरच्या काही मिनिटांत, उरलेल्या खुर्च्या यादीतल्या लोकांना वाटल्या जातात. यादीतला क्रम कोठे नोकरीच्या वर्षांवरून लागतो, तर कोठे आदल्या दिवशी चेक-इन आधी कोणी केले यावरून. न वापरलेल्या तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळतात. म्हणून जाणती मंडळी एकाच दिवसासाठी वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटे खिशात ठेवतात.

मग त्यांचे शास्त्र सुरू होते. हे शास्त्र पाठ्यपुस्तकात नाही, मौखिक परंपरेने चालत आले आहे, आणि आमच्या विद्यार्थिनीने ते आम्हांला मोठ्या हौसेने समजावून दिले. शुक्रवार आणि रविवार टाळावेत, मंगळवार-बुधवार बरे. देशांतर्गत प्रवासात पहाटेचे पहिले विमान धरावे, कारण ते हुकले तरी नाव पुढच्या विमानाच्या यादीत सरकते आणि दिवसभर आशेला जागा राहते. अमेरिकेतून युरोपकडे जाणारी विमाने मात्र बहुतेक संध्याकाळी सुटतात. तेथे संध्याकाळ हुकली की रात्र गेली. म्हणून जेथे दिवसाला एकच विमान जाते असे गाव थेट गाठण्याचा मोह धरू नये. जेथून अनेक विमाने सुटतात असे मोठे ठाणे आधी गाठावे, मग ते थोडे उलट्या दिशेला का असेना. मोठी बॅग नेऊ नये, जे काय ते खांद्यावर. दोघे असतील आणि खुर्ची एकच उरली, तर कोणी जायचे हे घरूनच ठरवून निघावे. रिकामी दिसणारी खुर्ची मिळेलच असेही नाही: हिवाळ्यात पश्चिमेकडे येताना समोरून जोराचा वारा असला की इंधन जास्त घ्यावे लागते, वजनावर मर्यादा येते आणि मोकळ्या खुर्च्या तशाच घेऊन विमान निघून जाते. जागा मिळालीच तर विमानातल्या सेवकवर्गासाठी चॉकलेटचा डबा न्यावा. आणि आपण किती पैशांत आलो हे शेजारच्या प्रवाशाला कदापि सांगू नये. (हा शेवटचा नियम लग्नाच्या पंगतीत बसलेल्या आगंतुकालाही लागू पडावा.)

या प्रकाराला इंग्रजीत 'स्टँडबाय' म्हणतात आणि मराठी माणसेही तेच म्हणतात. मराठी प्रतिशब्द म्हणून 'प्रतीक्षायादी' सुचते खरे, पण रेल्वेच्या प्रतीक्षायादीतल्या माणसाने पुरे भाडे मोजलेले असते. त्याच्या वाट पाहण्यात हक्क असतो, तक्रार असते. आमच्या मते नेमका शब्द आपल्याकडे कधीपासूनच आहे: तिष्ठणे. संस्कृतातल्या 'स्था' धातूचे 'तिष्ठति' म्हणजे उभा राहतो. मराठीत येताना त्या उभे राहण्यालाच वाट पाहण्याचा अर्थ चिकटला. पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर जो उभा आहे तोही तिष्ठतोच आहे, आणि त्याला आत बोलावण्याइतकी सवड यजमानाला अद्याप मिळालेली नाही. तेव्हा 'तिष्ठते प्रवासी' हा शब्द आम्ही पुढे बिनदिक्कत वापरणार आहोत.

आमचा प्रश्न अर्थात साहित्याचा आहे. मराठीत प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे, आणि 'अपूर्वाई' (१९६०) व 'पूर्वरंग' (१९६३) या पुस्तकांनी ती घराघरांत पोचवली. पण या परंपरेतला प्रवास बहुतांशी स्वार्थात आणि भूतकाळात चालतो: गेलो, पाहिले, परतलो. लिहितो तो पोचलेला माणूस, आणि पोचलेल्या माणसाच्या लेखी न घेतलेल्या वाटा उरतच नाहीत. सहल कंपन्यांचा सुकाळ झाल्यापासून तर कार्यक्रमपत्रिका आधी छापलेली आणि मजकूर मागाहून तिच्यावर चढवलेला, असे होऊन बसले आहे. अभिप्रायासाठी आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत प्रकरणांची शीर्षके पुष्कळदा सहलीच्या पत्रकातून उचललेली असतात. पाचव्या दिवशी व्हेनिस येणार हे लेखकाला माहीत असते, वाचकाला माहीत असते, आणि बहुधा व्हेनिसलाही माहीत असते. यात पु. लं.चा दोष काहीच नाही. त्यांची नजर उसनी घेता येत नाही म्हणून पुढच्यांनी त्यांचा मार्ग तेवढा उसना घेतला.

याउलट मराठी प्रवासलेखनाच्या उगमापाशी जे पुस्तक आहे ते मुळात फसलेल्या बेताचे पुस्तक आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले ते कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळणार, असा साधा सरळ हिशेब होता. वाटेत बंडाची वार्ता लागली आणि बेत बाजूला राहिला. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काशी असे जे घडले ते ठरवून घडले नाही. झाशीचा वेढा आणि पाडाव त्यांनी आतून पाहिला, जवळचे द्रव्य लुटले गेले, आणि अखेर घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. 'माझा प्रवास' छापून प्रसिद्ध झाले १९०७मध्ये, म्हणजे त्या घटनांनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. यज्ञ निर्विघ्न पार पडला असता आणि दक्षिणा पदरात पडली असती, तर हे पुस्तक लिहिले गेले असते काय? पाहा, प्रश्नच संकेतार्थात येतो.

पंडिता रमाबाईही १८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत १८८८पर्यंत राहिल्या. अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे १८८९चे पुस्तक त्या लांबलेल्या मुक्कामाचे फळ आहे. समारंभ आटोपून त्या परतल्या असत्या, तर एका समारंभाचे वर्णन तेवढे आपल्याला मिळाले असते.

अर्थात गोडसे भटजींच्या हाती तक्ता नव्हता. त्यांच्यावर अनिश्चितता कोसळली. तिष्ठता प्रवासी तीच अनिश्चितता आधी कागदावर मांडतो, तिला रकाने पाडतो, आणि मग तिच्या स्वाधीन होतो. आम्हांला कुतूहल आहे ते या मधल्या अवस्थेचे. आठ शहरांची नावे लिहून बसलेल्या माणसाच्या मनात आठही शहरे थोडी थोडी उघडलेली असतात. रोम हे त्यांतले एक, सर्वांत आवडते, पण एकमेव नव्हे. मराठी प्रवासवर्णनाने ही अवस्था लिहावी, किमान ती पुसू नये, असे आमचे म्हणणे आहे.

पुरावा म्हणून त्या सहलीचेच पाहू. ठरलेल्या संध्याकाळी थेट रोमचे विमान भरून गेले. फ्रँकफर्ट आणि म्युनिकही गेली. डब्लिनच्या विमानात मात्र खुर्च्या मोकळ्या होत्या. मैत्रीण त्यात चढली आणि दुसऱ्या दिवशी रोमला पोचली. आमची विद्यार्थिनी दारातच राहिली, आणि तिला उरलेल्या खुर्चीचा प्रश्नच नव्हता. तिचा पासपोर्ट भारतीय. तिच्याजवळ इटलीने दिलेला शेंगेन व्हिसा होता, पण आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, ब्रिटनही नाही. तक्त्यातले लंडन आणि डब्लिन हे दोन रकाने तिच्यासाठी आरंभापासूनच खोडलेले होते. त्या अमेरिकी मैत्रिणीने लिहिले होते म्हणून ते कागदावर राहिले, इतकेच.

या ठिकाणी आम्ही वाचताना थबकलो. 'पर्यायी मार्ग' या शब्दातला मोकळेपणा आम्हांला इतका भावला होता की तो कोणाला परवडतो हे विचारायचे राहून गेले. व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचा आराखडा जोडावा लागतो, राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कोणत्या तारखेला कोठून शिराल आणि कोठून बाहेर पडाल, हे तेथे ठामपणे सांगायचे असते. 'खुर्ची मिळाली तर मंगळवारी, न मिळाल्यास गुरुवारी वॉर्सामार्गे' असे उत्तर कोणत्याही वकिलातीच्या खिडकीवर चालत नाही. संकेतार्थात अर्ज भरता येत नाही. फ्रँकफर्टला अडकले तर रेल्वेने म्युनिकला जाऊन तेथले विमान पकडावे, ब्रसेल्सला अडकले तर दीड तासात पॅरिस गाठावे, हा तिष्ठत्यांचा आवडता डाव. पण तो खेळायला विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकता आले पाहिजे. दोघी एकाच नोकरीत, एकाच सवलतीच्या धनी, एकाच यादीत पुढे-मागे. तरी एकीच्या तक्त्यात आठ दारे आणि दुसरीच्या तक्त्यात सहा.

त्या सहांतले कडेचे दार उघडले. वॉर्साच्या विमानात खुर्ची मिळाली. (शिकागोत पोलिश वस्ती जुनी आणि मोठी आहे, त्यामुळे हा मार्ग तेथे आडवाटेचा समजला जात नाही.) वॉर्साहून रोमला जाणारी त्या दिवसाची विमाने भरलेली होती, आणि ज्या शहराविषयी तिने एक ओळही वाचलेली नव्हती तेथे तिला एक अख्खा दिवस मिळाला. जुन्या शहरातल्या चौकात ती बसून राहिली. रंगीत, अरुंद, मध्ययुगीन वळणाची घरे. तासाभराने एका फलकावरून तिला कळले की हे सारे १९४४मध्ये जमीनदोस्त झाले होते आणि महायुद्धानंतर नव्याने उभारले गेले. उभारताना अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराच्या चित्रांचाही आधार घेतला गेला. युनेस्कोने १९८०मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती त्या पुनर्बांधणीसाठी. तिने लिहिले आहे की ही जुनी घरे आपल्या आजीपेक्षा वयाने लहान आहेत हे कळल्यावर आधी फसवणूक झाल्यासारखे वाटले, मग चौकाला आणखी एक फेरी मारली, आणि त्या फेरीत घरे जास्त आवडली.

पत्रात रोमवर चार पाने आहेत आणि वॉर्सावर पाऊण पान. रोमची पाने वाईट नाहीत. कलोसियम आहे, कारंजे आहे, नाणे टाकणे आहे, पाय दुखणे आहे. आम्ही ती आधी कोठेतरी वाचली आहेत असे वाटत राहते. पाऊण पान मात्र तिचेच. तेथे तिच्यापाशी पूर्वीच्या कोणाचे शब्द नव्हते, म्हणून तिला स्वतःचे शोधावे लागले. आम्हां दोघांपैकी एकाचे मत असे की हा योगायोग आहे, आणि वॉर्साला दहा जण असेच पोचले तर नऊ जण विमानतळावरच्या महागड्या कॉफीविषयी लिहितील. दुसऱ्याचे मत असे की दहावा पुरेसा आहे. वाद मिटलेला नाही.

तिष्ठण्याचे काव्य करू नये, याविषयी मात्र आमच्यात एकमत आहे. रिकामी खुर्ची आपोआप निर्माण होत नाही. एखाद्या गावी वादळ होते, तेथून येणारे विमान उशिरा पोचते, त्यातल्या प्रवाशांचे पुढचे विमान हुकते, आणि दार मिटताना यादीतली तीन नावे पुकारली जातात. तेच अडकलेले प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या विमानात भरले जातात आणि मग यादीतल्या कोणालाच जागा उरत नाही. आपले पोचणे हे कोणाचे तरी न पोचणे आहे, हे तिष्ठत्यांना पक्के माहीत असते. बहुधा म्हणूनच जागा मिळाल्यावर ते गप्प बसतात. शिवाय खुर्चीबरोबर कंपनीचा शिष्टाचारही अंगावर येतो. २६ मार्च २०१७ रोजी डेन्व्हरला युनायटेड कंपनीच्या विमानात दोन मुलींना लेगिंग्ज घातल्यामुळे चढू दिले नाही आणि गदारोळ उठला. त्या सेवकांच्या सवलतीवर प्रवास करत होत्या आणि अशा प्रवाशांसाठी पोशाखाचे वेगळे नियम असतात, ही गोष्ट जगाला तेव्हा कळली. दोन आठवड्यांनी, ९ एप्रिलला, त्याच कंपनीच्या शिकागो-लुईव्हिल विमानातून एका डॉक्टरला ओढून बाहेर काढले गेले. तेथे खुर्च्या हव्या होत्या त्या कामावर निघालेल्या कर्मचाऱ्यांना. कामावरचा कर्मचारी तेव्हा भाडे भरलेल्याला उठवू शकत असे, सुटीवरचा कधीच नाही. हा फरक त्या वेळच्या चर्चेत पुष्कळांच्या लक्षात आला नाही.

आणि ही जागा आक्रसत चालली आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी कंपन्यांच्या जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या उडत. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४मध्ये जगभरातल्या ८३.५ टक्के खुर्च्या भरलेल्या होत्या. जुन्या कर्मचाऱ्यांच्या गोष्टी (संध्याकाळी जेवायला म्हणून पॅरिसला गेलो, वगैरे) नव्या पिढीला दंतकथा वाटतात. पूर्वी कपाळावर भरवसा ठेवून निघता येत असे. आता तक्ते लागतात. आज हे शास्त्र इतके सूक्ष्म झाले आहे ते बहुधा खुर्च्या कमी उरल्या म्हणूनच.

आमच्या मताला सर्वांत मोठा धक्का मात्र त्या विद्यार्थिनीनेच दिला. हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही तिला आमची कल्पना कळवली: तिष्ठता प्रवासी हाच खरा प्रवासी, त्याचा संकेतार्थ हीच खरी प्रवासाची भाषा, वगैरे. तिचे उत्तर आले. 'सर, तुम्ही म्हणता ते छान आहे, पण आमच्यातला पहिला नियम तुम्हांला सांगायचा राहिला. जिथे पोचलेच पाहिजे तिथे तिकीट काढून जायचे.' आणि मग तिने त्याच वर्षीच्या डिसेंबरची हकीकत सांगितली. आई मिरजेला रुग्णालयात होती. डिसेंबरात मुंबईची विमाने सुट्यांमुळे तुडुंब भरतात हे तिला कोणी सांगण्याची गरज नव्हती, तरी सवयीने तिने तक्ता केला: इस्तंबूल, दोहा, दुबई, अबू धाबी, दिल्ली. सगळ्या चौकटींत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा. तासाभराने तिने संगणक बंद केला आणि तीन महिन्यांची बचत मोडून पूर्ण भाड्याचे तिकीट काढले.

आमची विधाने तेव्हापासून थोडी खाली आली आहेत. पर्यायी वाटांचा मोकळेपणा जेथे न पोचणे परवडते तेथलाच असतो, हे आम्हांला आधी सुचायला हवे होते. गोडसे भटजींना ते परवडत नव्हते आणि तरी घडले, म्हणून त्यांचे पुस्तक वेगळ्या जातीचे आहे. रोमला जाणाऱ्यांनी वॉर्सा लिहावे हे मत आम्ही सोडलेले नाही. मिरजेला जाणाऱ्यांकडून मात्र काहीही मागू नये.

त्या प्रवासाबद्दल तिच्या पत्रात मोजक्या ओळी आहेत. शिकागोहून दोहा, दोहाहून मुंबई. मुंबईहून रात्रीची गाडी केली. सकाळी सात वाजता पोचले. आई जागी होती.